मोंतेन, माणसाचा स्वभाव आणि सद्गुण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आमच्या वाचनगटात मोंतेनचे निबंध चालू आहेत. प्रत्येक बैठकीनंतर तेच प्रश्न थोड्याफार फरकाने परत येतात, कधी चहा पिताना, कधी रात्री अकराला फोनवर. म्हणून एकदाचं लिहून काढलं. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा दळलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोंतेन नेमका कोण?

मिशेल द मोंतेन, जन्म १५३३, मृत्यू १५९२. नैऋत्य फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या पूर्वेला त्याच्या घराण्याची जहागीर होती. घराणं मुळात व्यापाऱ्यांचं. पणजोबांनी खारवलेले मासे आणि वाइन विकून पैसा केला आणि १४७७ मध्ये ही जहागीर विकत घेतली. पुढे मिशेलने एकेम हे आडनाव टाकून जहागिरीचंच नाव लावलं. तो बोर्दोच्या न्यायालयात न्यायाधीश होता. १५७० मध्ये त्याने ते पद विकलं (तेव्हा तिथे अशी पदं विकत मिळायची) आणि १५७१ मध्ये, अडतिसाव्या वाढदिवसाला, आता मी निवृत्त झालो असं भिंतीवर लॅटिनमध्ये लिहून घेतलं.

वाड्याच्या एका बुरुजात खाली छोटं देऊळ, म्हणजे चॅपेल, मधे झोपायची खोली आणि वर गोल ग्रंथालय. तिथे हजारेक पुस्तकं होती आणि डोक्यावरच्या तुळयांवर ग्रीक-लॅटिन वचनं रंगवलेली होती. तो बुरूज आजही उभा आहे. बाहेर मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते. १५६२ ला सुरू झालेली ही यादवी त्याच्या मरणानंतरही सहा वर्षं चालली. हे लक्षात ठेवलं नाही तर मोंतेन म्हणजे निवांत बसून गप्पा मारणारा सुखवस्तू गृहस्थ वाटतो.

२. मोंतेन, मॉन्टेग्ने, मोंतेन्य… उच्चार काय करायचा?

फ्रेंच उच्चार ‘मोंतेन्य’च्या जवळ जातो. मराठीत जीभ अडखळते म्हणून मी मोंतेन लिहितो. ‘मॉन्टेग्ने’ तेवढं टाळा.

३. हे ‘निबंध’ म्हणजे शाळेतल्यासारखे का? माझा आवडता ऋतू वगैरे?

नाही. त्याने पुस्तकाला नाव दिलं ‘एसे’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ प्रयत्न, चाचणी, जरा चाखून पाहणं. एखादा विषय घ्यायचा, त्यावर आपली बुद्धी घासून पाहायची आणि ती कुठे उणी पडते तेही लिहायचं. निष्कर्ष निघालाच पाहिजे असं नाही. ‘घोडागाड्यांविषयी’ या निबंधात घोडागाड्या थोड्याच आहेत. त्यात स्पॅनिशांनी मेक्सिको-पेरूमध्ये केलेल्या कत्तलींवरचा संताप आहे.

एकूण निबंध १०७, तीन भागांत. पहिले दोन भाग १५८० मध्ये बोर्दोला छापले, तिसरा १५८८ मध्ये पॅरिसला. आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या पिढीने रुजवलेला लघुनिबंध इंग्रजीच्या वाटेने आला असला, तरी त्याचं मूळ गाव हेच.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी मोंतेनची वाक्यं खरी असतात का?

काही असतात, बरीच नसतात. ‘माझ्या आयुष्यात भयंकर संकटं आली, पण त्यातली बहुतेक कधी घडलीच नाहीत’ हे त्याच्या नावावर फिरणारं वाक्य निबंधांत कुठेच नाही. ‘आंधळी बायको आणि बहिरा नवरा असेल तर संसार सुखाचा’ हे आहे, पण कोणीतरी असं म्हणालं होतं असं सांगून त्याने ते दिलंय. लग्न म्हणजे पिंजरा, बाहेरच्या पक्ष्यांना आत यायचंय आणि आतल्यांना बाहेर पडायचंय, हे मात्र त्याने स्वतः लिहिलंय.

मूळ अडचण वेगळी आहे. मोंतेनचं एक वाक्य उचललं की पुढच्या पानावरचं उलट वाक्य मागे राहतं. तो सुविचाराच्या फळ्यावर मावणारा माणूस नाही. असं का, ते पुढच्या उत्तरात.

५. माणूस मुळात चांगला असतो की वाईट? तो काय म्हणतो?

तो म्हणतो की माणूस ‘मुळात’ काही एक असतो हेच आधी दाखवा. दुसऱ्या भागातला पहिलाच निबंध याच्यावर आहे. आपण सगळे तुकड्यातुकड्यांचे बनलोय आणि प्रत्येक तुकडा आपापला खेळ खेळतो. वाचताना मला गोधडीच आठवते. आजीच्या लुगड्याचा काठ, कोणाचा तरी जुना शर्ट, मधेच पडद्याचं कापड. काल शूर असलेला शिपाई आज भित्रा निघाला तर आश्चर्य मानू नका, काल त्याला राग आला होता किंवा दारू चढली होती किंवा तुतारी वाजली होती. आपल्यात आणि दुसऱ्यात जेवढं अंतर, तेवढंच आपलं आपल्याशी, हे त्याचंच म्हणणं.

म्हणून तो एका कृत्यावरून माणसाला मोजत नाही. चांगल्याही नाही आणि वाईटही नाही. कोणी एकदा जीव धोक्यात घातला म्हणून शूर होत नाही. शूर असेल तर तो दातदुखीतही शूर असेल आणि कोर्टात खटला हरतानाही.

बहुतेक लेखक आपलं झाकून दुसऱ्याचं वाकून बघतात. हा उलटा. स्वतःचं उघडं करून ठेवतो: माझी स्मरणशक्ती भिकार आहे, मी बुटका आहे, जेवताना घाईत स्वतःची बोटं चावतो. ही नुसती कबुलीची हौस नाही. प्रत्येक माणसात माणूसपणाचा अख्खा साचा असतो असं तो मानतो, त्यामुळे स्वतःला नीट पाहिलं की इतरही थोडे दिसतात.

६. माझे वडील स्वभावानेच शांत, कधी आवाज चढवला नाही. त्यांना सद्गुणी म्हणायचं की नाही? स्वभावाला तर औषध नसतं.

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त येतो, आणि ‘क्रौर्याविषयी’ या निबंधाची सुरुवातच इथून आहे. मोंतेन तिथे चांगुलपणा आणि सद्गुण वेगळे काढतो. एकाला अपमान झाला तरी राग येतच नाही. दुसऱ्याला तो मुळापर्यंत झोंबतो, सूड घ्यावासा वाटतो, आणि तो स्वतःशी झुंज घेऊन हात आवरतो. पहिला चांगला वागला, दुसरा सद्गुणाने वागला. सद्गुणाला चढण लागते, काटे लागतात. म्हणूनच देवाला आपण चांगला म्हणतो, दयाळू म्हणतो, पण सद्गुणी म्हणत नाही. त्याला झगडावं कुठे लागतं?

इथवर सोपं आहे. मग तो थबकतो. सॉक्रेटिसचं काय? त्याच्या मनात वाईट वासना उठून झगडा झाला असेल असं वाटतच नाही. मग तो कमी प्रतीचा म्हणायचा? हे तर पटत नाही. तेव्हा मोंतेन आपलाच सिद्धांत दुरुस्त करतो. काहींनी सद्गुण इतका मुरवलेला असतो की तो त्यांचा स्वभाव होऊन बसतो, मोह उगवतच नाही. हे सर्वांत वर. त्याखाली झगडून जिंकणारे. आणि सर्वांत खाली जन्मतःच सौम्य असलेले, ज्यांना वाईटाची फारशी ओढच नसते.

स्वतःला तो कुठे बसवतो? तळाच्या पायरीवर. माझ्यात जे काही बरं आहे ते नशिबाने मिळालं, प्रामाणिक घराण्यात आणि फार चांगल्या बापाच्या पोटी जन्मलो म्हणून, असं तो लिहितो. वर हेही कबूल करतो की त्याची मतं त्याच्या वागण्यापेक्षा जास्त स्वैर आहेत. सद्गुणावर लिहिणारे बहुतेक जण आपल्या सभ्यपणाचं श्रेय स्वतःच्या विचारांना देतात. हा देत नाही. माझ्या मते त्याचं सगळ्यात धीट पान हेच.

तर वडिलांबद्दल: त्या शांतपणामागे काय होतं, ते फक्त त्यांनाच माहीत. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

७. मग रोजच्या जगण्यात सद्गुण म्हणजे काय? आपण काही किल्ले सर करायला जात नाही.

अगदी हाच मुद्दा तिसऱ्या भागातल्या ‘पश्चात्तापाविषयी’ मध्ये आहे. तटबंदीला खिंडार पाडून घुसणं, राजदूत म्हणून जाणं, राज्य चालवणं ही डोळे दिपवणारी कामं. रागावणं, हसणं, विकणं, पैसे चुकते करणं, प्रेम करणं, द्वेष करणं आणि आपल्या घरच्यांशी व स्वतःशी सौम्यपणे, न्यायाने वागणं हे जास्त दुर्मिळ आणि जास्त अवघड, पण कोणाच्या नजरेत न भरणारं. जगाने ज्याला डोक्यावर घेतलं त्याच्यात बायकोला आणि नोकराला काहीच विशेष दिसत नाही, असं पुष्कळदा होतं म्हणे. यादीतलं ‘पैसे चुकते करणं’ मला फार आवडतं. कुठल्या तत्त्वज्ञाने ते शौर्याच्या वर ठेवलंय?

८. त्याच निबंधात तो ‘मी क्वचितच पश्चात्ताप करतो’ म्हणतो. हा उद्धटपणा नाही का?

पहिल्या वाचनात वाटतो. त्याचं म्हणणं असं की, ज्या चुका आपल्या घडणीतूनच येतात त्यांबद्दल वाईट वाटू शकतं, पण रडून त्या बदलत नाहीत. म्हातारपणी अंगातली रग गेली की माणूस तरुणपणच्या भानगडींबद्दल हळहळतो, त्याला तो पश्चात्ताप मानत नाही. तो अशक्तपणा.

९. सात महापापं सोडून तो क्रौर्यालाच सगळ्यात वर का ठेवतो?

कारण ते रोज दारात घडत होतं. मोंतेन लिहितो की प्रत्यक्ष पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता: शत्रुत्व नाही, फायदा नाही, केवळ तडफडणारा माणूस बघायची मजा म्हणून लोक नवनवे छळ शोधून काढत होते. आणि धर्माच्या नावाने. १५७२ मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिसला सुरू झालेली कत्तल पुढे बोर्दोपर्यंत पोहोचली.

त्याची घृणा विचारापेक्षा अंगातली जास्त आहे. कोंबडीची मान मुरगळलेली त्याला पाहवत नाही. कुत्र्यांच्या दातात सापडलेल्या सशाचं ओरडणं ऐकवत नाही. गंमत म्हणजे शिकारीचा त्याला शौक होता, आणि तोही तो लपवत नाही. जिवंत हाती लागलेला प्राणी मात्र तो बहुधा सोडून द्यायचा.

न्यायाधीश राहिलेला हा माणूस न्यायालयातल्या छळाच्या विरोधात आहे. छळाने खरं बाहेर येत नाही, सोसण्याची ताकद तेवढी कळते. चेटकिणींच्या खटल्यांबद्दल तो म्हणतो की केवळ अंदाजापायी एखाद्याला जिवंत भाजणं म्हणजे आपल्या अंदाजाची फारच मोठी किंमत लावणं झालं. १५८१ मध्ये रोमच्या धर्मपरीक्षकांनी पुस्तक तपासलं तेव्हा आक्षेपांच्या यादीत हेही होतं की साध्या मृत्युदंडापलीकडची प्रत्येक शिक्षा हा क्रूरता म्हणतो. त्याने ते वाक्य काढलं नाही.

१०. ‘ज्याची त्याची रीत’ असं तो म्हणतो. मग चूक-बरोबर काही उरतच नाही की?

उरतं, आणि ‘नरभक्षकांविषयी’ नीट वाचला तर कुठे उरतं ते दिसतं. तो निबंध ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांवर आहे. आपल्याकडे नसलेल्या रीतीला प्रत्येक जण रानटीपणा म्हणतो, हे वाक्य सगळे सांगतात. पण तो तिथे थांबत नाही. मेलेल्या शत्रूचं मांस खाणं रानटी आहे असंच तो म्हणतो, फक्त पुढे विचारतो: जिवंत माणसाला धर्माच्या नावाखाली भाजणं, कुत्र्या-डुकरांपुढे टाकणं त्याहून वाईट नाही का? म्हणजे रीती बदलतात, मोजपट्टी आहे. ती कुठली, ते प्रश्न ९ मध्ये आलं.

या निबंधाच्या शेवटी रुआं शहरात आणलेले तीन ब्राझिलियन भेटतात. तिथे तेव्हा बालराजा नववा चार्ल्स होता. त्यांना विचारलं, इथलं काय नवल वाटलं? ते म्हणाले, एवढे दाढीवाले धिप्पाड हत्यारबंद लोक एका पोराचं ऐकतात, आपल्यातलाच एखादा राजा का निवडत नाहीत? आणि इथे काही लोक खाऊनपिऊन तट्ट आहेत नि त्यांच्याच दाराशी काही जण भुकेने वाळलेत, ते यांच्या घरांना आग कशी लावत नाहीत? त्यांनी तिसरीही गोष्ट सांगितली होती. मोंतेन ती विसरला! एवढी मुलाखत घेतलीस आणि विसरलास, असं मला दर वेळी वाटतं.

११. ‘मला काय माहीत?’ हे त्याचं ब्रीद. तरी तो कॅथलिक कसा?

तराजूच्या चित्राखाली हे ब्रीद त्याने घेतलं होतं. त्याचं गणित असं: माणसाची बुद्धी देवाचं स्वरूप ठरवू शकत नाही, तर मग चालत आलेला धर्म मोडून नवा उभारण्याइतका भरवसा तिच्यावर कशाला ठेवायचा? नव्या पंथासाठी रक्त सांडणाऱ्यांना त्याचा हाच प्रश्न होता, आणि जुन्या पंथासाठी सांडणाऱ्यांनाही. आतून किती श्रद्धा होती यावर अभ्यासक आजही भांडतात. शेवटच्या आजारात त्याने खोलीतच मास, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, म्हणवून घेतला. चर्चने मात्र १६७६ मध्ये, तो जाऊन चौऱ्याऐंशी वर्षं झाल्यावर, पुस्तक निषिद्ध यादीत टाकलं.

मांजराचं प्रसिद्ध वाक्यही याच संदर्भातलं. मी मांजराशी खेळतो की मांजर माझ्याशी वेळ घालवतं, कोण सांगणार?

१२. मरणाबद्दल तो आधी एक सांगतो, नंतर दुसरंच. कोणतं खरं मानायचं?

सुरुवातीला तो पुस्तकी बोलतो: तत्त्वज्ञान म्हणजे मरायला शिकणं, सतत मरण आठवा. मधे एक अपघात आहे. घरापासून जवळच तो एका लहानशा घोड्यावर होता. त्याचा एक धिप्पाड माणूस मोठ्या घोड्यावरून भरधाव आला आणि थेट अंगावर आदळला. मोंतेन दहा-बारा पावलं लांब जाऊन पडला, तोंड सोललेलं, तलवार तिकडे, कंबरपट्टा तुटलेला. तो मेलाच असं समजून लोकांनी उचलून नेलं. वाटेत त्याने रक्त ओकलं, आणि तो नखांनी छातीवरचा कपडा ओरबाडत होता. बायको खडबडीत रस्त्याने धडपडत येताना पाहून तिला घोडा द्या असंही म्हणाला. हे सगळं त्याला मागाहून इतरांनी सांगितलं. त्याला स्वतःला आठवत होतं ते एवढंच की जीव ओठांच्या टोकाशी आलाय आणि सोडून देणं गोड वाटतंय, झोप लागताना वाटतं तसं.

उतारवयात त्याने भोवताली प्लेग पाहिला. शेतकरी माणसं एक ओळ न वाचता निमूटपणे मरत होती. तेव्हा लिहिलं: मरता येत नसेल तर काळजी करू नका, निसर्ग आयत्या वेळी शिकवेल.

दोन्ही खरी. जुनं मत पटेनासं झालं तरी तो खोडत नाही, शेजारी नवं लिहितो. चांगल्या आवृत्त्यांत १५८०, १५८८ आणि नंतर हाताने लिहिलेली भर वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेली असते. ती बघत वाचलं तर अर्धे विरोधाभास उलगडतात.

१३. त्याच्या मैत्रीबद्दल एवढं का बोललं जातं?

एतिएन द ला बोएसी हा न्यायालयातला सहकारी. मैत्री चारेक वर्षांची, कारण १५६३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तो गेला. तू त्याच्यावर इतकं प्रेम का केलंस, याला छापील आवृत्तीत उत्तर नव्हतं. बोर्दोच्या ग्रंथालयात मोंतेनची स्वतःची प्रत आहे, तिच्या समासात त्याने आधी लिहिलं, ‘कारण तो तो होता’. नंतर केव्हातरी, वेगळ्या शाईने, ‘कारण मी मी होतो’.

१४. बायकांबद्दल त्याची मतं वाचवत नाहीत. त्याचं काय करायचं?

काही खरोखर वाचवत नाहीत. अशा मैत्रीला बायकांचं मन पुरत नाही, असं तो मैत्रीवरच्याच निबंधात लिहितो. तिसऱ्या भागात, रोमन कवी व्हर्जिलच्या ओळींवरच्या लांबलचक निबंधाच्या शेवटी, स्त्री-पुरुष एकाच साच्यातले, शिक्षण आणि रूढी सोडली तर फरक फार नाही, इथवर येतो. त्याच्या मरणानंतरची १५९५ ची आवृत्ती मारी द गुर्ने या तरुण वाचक बाईने सिद्ध केली, आणि १६२२ मध्ये तिनेच स्त्री-पुरुष समतेवर पुस्तिका लिहिली. गुरूपेक्षा चेली पुढे गेली.

१५. महापौर असताना प्लेग आल्यावर तो पळाला, हे खरं का?

अर्धं. तो १५८१ ते १५८५ बोर्दोचा महापौर होता, दोन मुदती. साथ आली तेव्हा तो शहराबाहेरच होता आणि मुदत संपायला दिवसच उरले होते. नव्या महापौराच्या हाती सूत्रं द्यायला आत यावं का, असं त्याने पत्राने विचारलं आणि तो आत गेला नाही. कायद्याने चूक नाही. पण प्रश्न ६ ची कसोटी लावली तर ही चढण तो चढला नाही. पुढे घरच्यांना घेऊन तो सहा महिने आसऱ्यासाठी वणवण फिरला. लोक दारात उभं करायला घाबरत होते.

१६. एवढ्या मोठ्या जहागीरदाराने साध्या जगण्यावर बोलावं का?

तो स्वतःच आपली फजिती सांगतो. ब्रेड करताना आंबवण कशाला लागतं हे मला महिन्यापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं, म्हणे. बागेतली कोबी आणि लेट्यूस त्याला धड ओळखता येत नव्हती. आणि याच माणसाची प्रसिद्ध इच्छा अशी की मरण यावं तेव्हा मी कोबी लावत असावा!

१७. भारताचा उल्लेख आहे का? आणि आपल्या संतांशी तुलना?

आहे, ऐकीव. ‘नरसिंग’ राज्यात, म्हणजे विजयनगरात, बायका नवऱ्याच्या चितेवर ‘आजही’ जातात असं तो लिहितो. पुस्तक छापलं तेव्हा तालिकोटच्या लढाईला पंधरा वर्षं झाली होती. अलेक्झांडरच्या सैन्यासमोर स्वतःला जाळून घेणारा भारतीय साधू कलानोस ‘सद्गुणाविषयी’ मध्ये भेटतो. आणि गोवा जिंकणारा आल्बुकर्क एका किश्श्यात आहे: समुद्रात जहाज बुडू लागलं तेव्हा त्याने एका लहान मुलाला खांद्यावर घेतलं, या निष्पाप जिवाच्या पुण्याईने देव मलाही वाचवेल म्हणून. एकांतावरच्या निबंधात हे कशाला? तर वाईट संगतीत देवही साथ देत नाही, हे सांगायला.

संतांचं म्हणाल, तर एकनाथांचं जन्मसाल १५३३ सांगतात, तेवढा योगायोग आहे. त्यापुढे ओढाताण नको. नाथांना कुठे पोहोचायचं ते ठाऊक होतं.

१८. सुरुवात कुठून करू? पहिल्या पानापासून केली आणि दहाव्या पानावर झोप लागली.

सगळ्यांचीच लागते. आधी अपघाताचा निबंध घ्या (दुसरा भाग, सहावा), मग क्रौर्याचा (दुसरा भाग, अकरावा), नरभक्षकांचा (पहिला भाग, बहुतेक आवृत्त्यांत एकतिसावा), पश्चात्तापाचा आणि शेवटी ‘अनुभवाविषयी’, जो पुस्तकातलाही शेवटचाच आहे. त्यात मुतखडा आहे, खरबूज आहे आणि जगातल्या सर्वांत उंच सिंहासनावरही आपण आपल्याच ढुंगणावर बसतो हे वाक्य आहे. रेमों सेबों या धर्मपंडितावरचा निबंध सगळ्यात मोठा, तो सवय झाल्यावर. लॅटिन अवतरणं आली की सरळ उडी मारा, तळटीप नंतर वाचता येते.